एसी लागला की स्टिअरिंग थरथरतं: ॲक्टिव्ह माउंटिंग बसवता येईल का?

संत्रानगरी_३सिलिंडर:
तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ७०,००० किमी. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभं असताना एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्टिअरिंग, सीट सगळं थरथरतं, शिवाय डॅशबोर्डमागून घूं आवाज. १,५०० आरपीएमला थरथर जाते, आवाज उलट चढतो. महागड्या गाड्यांतलं ॲक्टिव्ह माउंटिंग (इंजिनचा रबरी आधार, जो स्वतः उलट जोर देऊन थरथर मारतो) बाहेरून बसतं का?

रबरबुश:
भाऊ, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. थरथर इंजिनची. तीन सिलिंडरला दर फेऱ्यात दीड धक्का, म्हणजे आयडलच्या (गाडी उभी, इंजिन चालू) ८०० आरपीएमला २० हर्ट्झ, सेकंदाला २० धक्के. कॉम्प्रेसरचा लोड आला की धक्के जड होतात. घूं कॉम्प्रेसरची. पुलीचं प्रमाण १.४ (इंजिनच्या एका फेऱ्यात कॉम्प्रेसरचे १.४ फेरे) आणि कॉम्प्रेसरचे पिस्टन सात धरले तर सुमारे १३० हर्ट्झ. फोनवर मोजून बघा. पण फोनचा सेन्सर सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर १०० हर्ट्झच्या वरचं त्यात खरं दिसत नाही, घूंसाठी माइकच लावा.

हायड्रोवाला:
ॲक्टिव्हचा नाद सोडा. त्यात तेलाच्या कप्प्याला कॉइल हलवते. कंट्रोलर क्रँक सेन्सरवरून (इंजिनचे फेरे ओळखणारा) लय पकडतो आणि धक्क्याच्या उलट जोर देतो. तो जोर धक्क्याइतकाच असला आणि फेज (धक्का आणि जोर यांच्या वेळेचा मेळ) ६० अंशांपेक्षा जास्त चुकली, तर कंपन कमी व्हायचं सोडून वाढतं. म्हणून कॅलिब्रेशन त्या-त्या मॉडेलचंच लागतं.

आधी साधं माउंटिंग बघा. रबराला चीर किंवा तेलाचा ओघळ दिसला की बदला. नवं बसवताना बोल्ट हलके ठेवा, इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवून बसू द्या, मगच इंजिन बंद करून ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा; नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. पॉलियुरेथेनचं माउंटिंग नको, कडक असल्याने आयडलची थरथर वाढते. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करा, एसी लागताना आरपीएम पडत नाही ना ते बघा.

एसीचा गॅस अंदाजाने भरलेला असेल तर काढून बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे वजनाने भरा. जास्त गॅस, त्यात मे महिन्यातला नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि धुळीने भरलेला कंडेन्सर (गाडीच्या पुढची एसीची जाळी). दाब चढतो नि लोडही.

संत्रानगरी_३सिलिंडर:
आणि घूं?

रबरबुश:
ती बरेचदा एसीच्या पाइपांतून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाते, माउंटिंगला वळसा घालून. एसी चालू ठेवून जाड हातमोजा घाला, बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवून क्लॅम्पजवळचा पाइप दाबा. आवाज बदलला तर क्लॅम्पमधलं रबर गेलंय. नवं ईपीडीएम रबर घाला, पाइप कुठे पत्र्याला टेकत असेल तर सोडवा. झिप-टाय मारून पत्र्याला आवळू नका, आवाज सरळ केबिनमध्ये येतो.