मदत हवी आहे: टर्मिनलमध्ये पासवर्ड विचारणारी मराठी ओळ प्रत्येक पडद्यावर वेगळीच बिघडते

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयातल्या डेबियन संगणकांची देखभाल मी करतो. तेथील कर्मचारी मराठी सफाईने वाचतात, इंग्रजी मात्र अडखळत वाचतात. म्हणून सर्व संगणकांचे लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंहिता यांचे सेटिंग, मराठी, यूटीएफ-८ असे ठेवले आहे. प्रशासकाच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या सुडो या कमांडच्या सुडोअर्स फाइलमध्ये ‘पासप्रॉम्प्ट’ या सेटिंगला ‘अमुक यांचा पासवर्ड:’ अशी मराठी ओळ दिली आहे. अमुकच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि पी लिहिले, की तेथे खातेदाराचे नाव आपोआप येते. सोबत ‘पासप्रॉम्प्ट-ओव्हरराइड’ही चालू केले आहे, कारण ते नसेल तर पामकडून (पासवर्ड तपासणाऱ्या यंत्रणेकडून) आलेली ओळ ‘पासवर्ड:’ या इंग्रजी साच्याशी जुळली तरच सुडो आपण दिलेली ओळ वापरतो, असे त्याच्या मॅन्युअलमध्ये सांगितले आहे.

ही ओळ वाचता येणे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुडो वापरणाऱ्याचा स्वतःचा पासवर्ड विचारतो आणि खाते बदलणारी एसयू ही कमांड रूटचा, म्हणजे प्रशासकाच्या खात्याचा, विचारते. टाइप करताना आमच्या पडद्यावर चांदण्याही उमटत नाहीत, त्यामुळे नेमका कोणाचा पासवर्ड हवा आहे हे सांगणारी ती एवढीच खूण माणसापुढे असते. ती वाचता आली नाही, तर भलताच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप केला जातो, आणि सुडो मुळात तीनच संधी देतो.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. ग्नोम टर्मिनलमध्ये सुडोची ओळ व्यवस्थित दिसते. कार्यालयातील विंडोज संगणकावरून पुटी या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या प्रोग्रामने जोडणी केली, की त्याच ओळीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला लागून ¤ किंवा ¥ असे चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून उघडणाऱ्या, खिडक्या नसलेल्या कन्सोलवर नुसते चौकोन दिसतात. सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट एसयूची आहे: ज्या ग्नोम टर्मिनलच्या खिडकीत सुडोची ओळ शुद्ध दिसते, त्याच खिडकीत एसयूची ओळ म्हणजे प्रश्नचिन्हांची रांग असते आणि शेवटचा विसर्ग तेवढा शाबूत राहतो.

सुडोची ओळ थेट टर्मिनलच्या उपकरणावर लिहिली जाते, त्यामुळे आउटपुट फाइलकडे वळवून ती हाती लागत नाही. म्हणून मी ‘स्क्रिप्ट’ कमांडने सत्राची नोंद घेतली, ‘सुडो -के’ देऊन लक्षात ठेवलेली परवानगी पुसली आणि नोंदीतील बाइट ‘ओडी’ या बाइट दाखवणाऱ्या कमांडने पाहिले. सुडोच्या ओळीत ‘प’साठी ई०, ए४, एए हे तीन बाइट जसे हवेत तसेच आहेत, आणि पुटीतून घेतलेल्या नोंदीतही तेच आहेत. एसयूच्या नोंदीत मात्र खरोखरीच प्रश्नचिन्हे लिहिलेली आहेत.

‘भाषा इंग्रजी करून टाका’ हा उपाय मला माहीत आहे. जेथे मराठी दिसू शकते तेथे ती काढून टाकायची माझी इच्छा नाही. कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

आपण बाइट तपासले हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे पुटीचा प्रश्न तेथेच सुटतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. पहिला बाइट नेहमी ई०, आणि दुसरा ए४ किंवा ए५. पुटीच्या त्या सेशनमध्ये जुनी पश्चिम युरोपीय अक्षरसंहिता निवडलेली असणार. त्या संहितेत ई० म्हणजे तिरक्या रेघेचा ‘ए’, ए४ म्हणजे ¤ आणि ए५ म्हणजे ¥. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी ए४च्या गटात येतात, तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त ए५च्या गटात. म्हणून ‘पासवर्ड’मधील रफाराच्या जागीच आपल्याला ¥ दिसत असेल. पुटीच्या ‘विंडो’ विभागातील ‘ट्रान्सलेशन’मध्ये जाऊन अक्षरसंहिता यूटीएफ-८ करावी आणि तो सेशन त्याच नावाने पुन्हा सेव्ह करावा, नाहीतर पुढच्या वेळी जुनेच सेटिंग परत येईल.

एसयूबद्दल सांगण्यापूर्वी, ज्या खिडकीत प्रश्नचिन्हे दिसतात त्याच खिडकीत ‘लोकेल’ ही कमांड चालवून तिचे उत्तर येथे द्यावे. ‘लोकेल -ए’च्या यादीत मराठी आहे का, हेही कळवावे.

धागाकर्ता

पुटीतील बदल लगेच लागू पडला, मनापासून आभार. ‘लोकेल -ए’च्या यादीत मराठी आहे. ‘लोकेल’च्या उत्तरातील चलांपैकी (नावाने साठवलेल्या सेटिंगांपैकी) लँग आणि एलसी-मेसेजेस मराठी यूटीएफ-८ आहेत, एलसी-ऑल रिकामे आहे, मात्र एलसी-सीटाइपपुढे नुसते ‘सी’ आहे.

प्रतिसाद १

तेच कारण आहे. आपली सुडोची ओळ सुडोअर्स फाइलमधून जशीच्या तशी, बाइटला बाइट, पडद्याकडे जाते. लोकेल काहीही असो, तिला कोणी हात लावत नाही. एसयूची ओळ पामच्या भाषांतरांतून गेटटेक्स्ट या भाषांतरे पुरवणाऱ्या यंत्रणेमार्फत येते. कोणत्या भाषेतील वाक्य घ्यायचे हे गेटटेक्स्ट एलसी-मेसेजेसवरून ठरवतो, पण ते कोणत्या अक्षरसंहितेत बाहेर द्यायचे हे एलसी-सीटाइपवरून ठरवतो. ‘सी’ म्हणजे साधी आस्की, केवळ रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची संहिता. तिच्यात देवनागरी बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्त यांच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. विसर्गासारखा दिसणारा शेवटचा कोलन आस्कीत असल्यामुळे तो वाचतो. मूळ मजकूर येथे नष्टच झालेला असतो, तेव्हा टर्मिनलचे सेटिंग किंवा फाँट बदलून काहीही साधणार नाही.

एलसी-ऑल असेल तर त्याचे चालते, नसेल तर त्या त्या एलसी चलाचे, आणि तेही नसेल तर लँगचे. म्हणून कोणत्या तरी फाइलमध्ये एलसी-सीटाइप वेगळे दिलेले असणार. ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमधील बॅशआरसी, प्रोफाइल आणि एन्व्हायर्न्मेंट या फाइली पाहाव्यात.

धागाकर्ता

सर्वांसाठी असलेल्या बॅशआरसी फाइलमध्ये ती ओळ सापडली. ‘टीआर’ ही अक्षरे बदलणारी कमांड अवैध बाइटांवर अडेल असे समजून एका जुन्या बॅकअपच्या कामासाठी ती कोणीतरी घातलेली होती. मी ती तेथून काढून त्या स्क्रिप्टमध्ये, केवळ त्या कमांडपुढे, ठेवली. नवे टर्मिनल उघडल्यावर एसयूची ओळ स्वच्छ मराठीत आली. आता कन्सोल तेवढे राहिले आहे. तेथे लॉगिनच्या वेळी सर्व काही इंग्रजीत आणि वाचण्याजोगे येते, पण आत शिरल्यावर चौकोन दिसू लागतात. असे का व्हावे?

प्रतिसाद २

लिनक्सच्या कन्सोलवरील फाँटमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ चित्रे मावतात, आणि वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेणे किंवा जोडाक्षर घडवणे हे काम तो करतच नाही. म्हणून देवनागरी फाँट चढवून तेथे नीट मराठी मिळणार नाही. कन्सोलवर लॉगिन विचारणाऱ्या, सिस्टमडीच्या गेट्टी सेवेत लँग आणि एलसी गटातील चल याच कारणासाठी मुद्दाम काढून टाकलेले असतात, म्हणून लॉगिन इंग्रजीत दिसते. लॉगिन झाल्यावर मात्र पाम ते पुन्हा भरतो आणि चौकोन सुरू होतात.

तेव्हा बॅशआरसीमध्ये एक अट घालावी: टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या ‘टर्म’ या चलाचे मूल्य ‘लिनक्स’ असेल, तरच एलसी-मेसेजेस ‘सी’ करावे आणि सुडो-प्रॉम्प्ट या चलात रोमन अक्षरांतली ओळ द्यावी. सुडोअर्समधील पासप्रॉम्प्टपेक्षा हे चल वरचढ ठरते, त्यामुळे आपली मराठी ओळ फाइलमधून काढावी लागत नाही. ग्नोम टर्मिनल आणि पुटी ‘टर्म’ वेगळे सांगतात, म्हणून तेथे मराठी जशी आहे तशीच राहील. एलसी-सीटाइपला मात्र येथेही हात लावू नये, कारण मराठी नावांच्या फाइली हाताळताना ते यूटीएफ-८ असणेच सुरक्षित आहे.

रोमन ओळ इंग्रजीतच असली पाहिजे असेही नाही. मराठी वाक्य रोमन लिपीत लिहिले, तर आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःचा पासवर्ड मागितला आहे एवढे नक्की कळेल.

धागाकर्ता

ही अट घातली आणि तिन्ही ठिकाणी पडताळली. कन्सोलवर रोमन लिपीतील मराठी ओळ येते, बाकी सर्वत्र देवनागरी. कन्सोलवर एसयू अजून इंग्रजीत विचारते; तेथे रूटचा पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडेच असतो, म्हणून ते तसेच ठेवत आहे. आपणा दोघांचे आभार. धाग्याच्या शीर्षकात ‘सुटले’ असे जोडण्याची विनंती मी संपादकांना केली आहे.