मदत हवी आहे: सिल्मरिलियन पुढे सरकत नाहीये

अर्धवट_वाचक
लॉर्ड ऑफ द रिंग्ज दोनदा झालंय, त्यामुळे "आधी ते वाच" हे कृपया कोणी सांगू नका. टोल्किनचं सिल्मरिलियन तिसऱ्यांदा घेतलं आणि परत तिथेच गाडं रुतलं. सगळे फिन-फिन एकमेकांत मिसळतात. फिनवे, फिंगॉन, फिनरॉड, फिंगोल्फिन, थिंगॉल, हे भाऊ आहेत का? आणि तो एल्वे राजा मध्येच गायब झाला, त्याचं पुढे काय झालं? उपाय सांगा. रविवारपर्यंत संपवायचंय.

कडूनिंब
"तिथेच" म्हणजे कुठे? सुरुवातीच्या आइनुलिंदालेत, विश्वनिर्मितीच्या कथेत, अडकणं वेगळं, पुढे बेलेरियांड या एल्फांच्या देशात अडकणं वेगळं. पान सांगा.

गडबडगुंडा
सरळ प्रकरण १९ काढा, बेरेन आणि लूथिएन. प्रेम, लांडगा, खलनायक मॉरगॉथच्या मुकुटातलं रत्न, सगळं आहे त्यात. मग २१, तुरिन. बाकी पुस्तक म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी.

नकाशेवाला
@गडबडगुंडा, प्रत्येक धाग्यावर हेच सांगता. फिनरॉड स्वतःचं राज्य सोडून बेरेनबरोबर का निघतो? कारण १८ मध्ये बेरेनच्या बापाने, बाराहिरने, त्याला लढाईतून सोडवलं आणि त्याने वचन दिलं. फेआनोरचे मुलगे केलेगॉर्म-कुरुफिन फिनरॉडच्या नार्गोथ्रॉन्डमध्ये काय करतायत? त्याच लढाईत मुलूख गेला म्हणून आश्रयाला आलेत. आणि बेरेनला ते आडवे का जातात, हे प्रकरण ९ मध्ये त्यांनी बापाबरोबर रत्नांसाठी घेतलेल्या शपथेशिवाय कळत नाही. थेट १९ वाचणाऱ्याला हे दोघे नुसते खलपुरुष वाटतात.

गडबडगुंडा
वाटू देत की. गोडी तर लागेल! परीक्षा द्यायचीय का?

मात्रावेलांटी
थिंगॉल फिनवेच्या घरातला नाहीच. तो फिनवेच्या पिढीतला, तेलेरी या दुसऱ्या एल्फ-कुळाचा राजा. आणि एल्वे गायब झालेला नाही, एल्वे म्हणजेच थिंगॉल. प्रकरण ४ दोन-तीन पानांचं आहे, त्यात तो मेलियानला भेटतो आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी खिळून राहतो. त्याची निम्मी प्रजा भाऊ ओल्वेबरोबर पुढे निघून जाते. ते प्रकरण झोपेत गेलं की पुढची वीस प्रकरणं थिंगॉल हा कोणीतरी उपटसुंभ वाटतो.

बाकीच्यांसाठी अर्धा कागद पुरतो. वर फिनवे. बायका दोन: मीरिएलचा एकच, फेआनोर. इंदिसचे दोन, फिंगोल्फिन आणि फिनार्फिन. फेआनोरला सात मुलगे. फिंगोल्फिनला फिंगॉन, तुरगॉन, आणि मुलगी आरेधेल. फिनार्फिनला फिनरॉड, ओरोद्रेथ, आंग्रॉड, आएग्नोर, आणि तुमची ओळखीची गालाद्रिएल. हा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा. पाठ करू नका.

कोरडी शाई
घेणार असाल तर २०२२ ची आवृत्ती घ्या, टोल्किनची स्वतःची चित्रं आहेत. टेड नॅस्मिथच्या चित्रांचीही सुंदर आहे. छोट्या पेपरबॅकच्या वाटेला जाऊ नका, नकाशातली नावं भिंगाशिवाय दिसत नाहीत.

कडूनिंब
त्यांनी कुठली घेऊ असं विचारलंच नाहीये. धागाकर्ते, पान?

उंबरठा
अर्जुनाला पार्थ, धनंजय, सव्यसाची म्हटलेलं आपल्याला चालतं. एल्वेला थिंगॉल आणि मेल्कोरला मॉरगॉथ म्हटलं की लगेच धागा! :)

कडूनिंब
@उंबरठा, अर्जुन लहानपणापासून कानावर आहे. इथे नाव बदलतं ते एकदाच सांगतात. मेल्कोरचं मॉरगॉथ प्रकरण ९ मध्ये होतं, फेआनोरच्या तोंडून. ते हुकलं की मेल्कोर गेला कुठे म्हणून शोधत बसा.

मात्रावेलांटी
अवांतर: सी नेहमी क. सेलेगॉर्म नाही, केलेगॉर्म. शेवटच्या ई-वर दोन टिंबं असली की तो वेगळा उच्चारायचा, म्हणून फिनवे. आणि फेआनोरचा थोरला, माएध्रॉस.

उंबरठा
माएद्रॉस. तो डीएच इंग्रजी 'दिस-दॅट'मधला घर्षक आहे, आपला महाप्राण ध नाही.

मात्रावेलांटी
घर्षक आहे हे मान्य, पण मराठीत तो नाहीच. मग डी आणि डीएच यांतला फरक लिपीत दिसावा म्हणून ध लिहिलेला बरा.

अर्धवट_वाचक
पान माहीत नाही. साधारण सहा तास झालेत.

नकाशेवाला
तास??

अर्धवट_वाचक
ऑडिओबुक आहे. सांगितलं नव्हतं का? गाडी चालवताना ऐकतो.

कडूनिंब
घ्या! इथे लोक ध की द करतायत आणि हे ऐकतायत.

नकाशेवाला
मग तुम्ही प्रकरण १४ मध्ये असणार, बेलेरियांड आणि तिथली राज्यं. त्यात घटना जवळपास नाहीतच. कोण कुठे राहतो एवढंच आहे, पण पुढच्या प्रत्येक लढाईचा पट तिथेच मांडलाय. नकाशाशिवाय ते कानाने कळणं अशक्य, दोष तुमचा नाही.

एवढं एक प्रकरण गाडीत नको. घरी टेबलावर नकाशा उघडा, वेग ०.८ करा, नाव आलं की थांबवून बोट ठेवा. आधी सिरियॉन नदी शोधा, ती उत्तरेकडून दक्षिणेला वाहते आणि देशाचे दोन भाग करते. मग उत्तरेची फळी पश्चिमेकडून पूर्वेकडे धरा: हिथलुममध्ये फिंगोल्फिन आणि फिंगॉन, सिरियॉनच्या खिंडीत फिनरॉडचा बुरूज, दोर्थोनियॉनच्या पठारावर आंग्रॉड आणि आएग्नोर, मग हिमलाडमध्ये केलेगॉर्म-कुरुफिन, हिम्रिंगच्या टेकडीवर माएध्रॉस, पुढच्या उघड्या मैदानात माग्लोर. हाच आंगबांडचा, मॉरगॉथच्या किल्ल्याचा, वेढा. खाली मधोमध डोरिआथ, थिंगॉलचं, मेलियानच्या मंत्रकुंपणातलं. तुरगॉनचं गोंडोलिन लपलेलं आहे, ते १५ मध्ये.

१८ मध्ये हीच फळी फुटते, फिंगोल्फिन आल्यापासून ४५५ व्या वर्षी. कोणता मोहरा कुठे होता हे माहीत असेल तरच ते प्रकरण अंगावर येतं.

गडबडगुंडा
किंवा १४ गाळा.

नकाशेवाला
गाळा. आणि १८ ला नवा धागा काढा.

मात्रावेलांटी
कानाने ऐकताना फिंगॉन-थिंगॉल हा घोटाळा होणारच, छापील पानावर तो होत नाही. छापील प्रतीत मागे नावांची सूचीही असते. ई-बुक जोडीला ठेवा, निदान तेवढ्यासाठी. रविवारचा हट्ट मात्र सोडा.

अर्धवट_वाचक
धन्यवाद, एल्वेचं कळलं. नकाशा उघडलाय, पण त्यात हिथलुम नाही, सिरियॉन नाही, डोरिआथ नाही. शायर आहे, मोर्डोर आहे.

नकाशेवाला
तो लॉर्ड ऑफ द रिंग्जचा नकाशा आहे. त्याच्या पश्चिम कडेला एरेड लुइन, निळे डोंगर, दिसतात? सिल्मरिलियनच्या नकाशात तेच डोंगर पूर्व कडेला आहेत. त्यांच्या पलीकडचं सगळं बेलेरियांड. त्यातला लिंडनचा तुकडा उरला, बाकी समुद्रात बुडालं.

अर्धवट_वाचक
बुडालं??? मी अजून चौदाव्यात आहे हो!

उंबरठा
पुस्तक १९७७ चं आहे.