पोरगी 'हो' म्हणायच्या आधीच 'वहिनी' कशी होते?

खडूफळा (धागाकर्ती)
ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ब्यूरेट भरताना अकरावीतल्या एका मुलीची बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे वळ. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "त्याने नुसता हात धरला, मॅडम. मीच फोन उचलला नव्हता."
वळांपेक्षा मला ते 'मीच' लागलं. माझं म्हणणं एवढंच, की हात उठायच्या कितीतरी आधी डोक्यात हिशेब पक्का झालेला असतो: ती माझी आहे, चिडतो म्हणजे प्रेम आहे, आणि ती सोडून गेली तर चारचौघांत माझी गेली. मुलं तर होकाराच्या आधीच तिला 'वहिनी' म्हणायला लागतात. मग तिचा नकार एकट्या त्याला राहत नाही, अख्ख्या कट्ट्याला होतो.

बाराबंदी
मॅडम, शब्दांवर कसलं खापर फोडताय? आम्हीही वहिनी म्हणायचो, कुणी हात उचलला नाही. धाक उरला नाही, हे खरं दुखणं. पाठलागाचा कायदा २०१३ पासून आहे, पोलिसांचं दामिनी पथक आहे. दोघांना उचला, बाकीचे सरळ येतात. आणि हल्ली पोरीही मुलांच्या थोबाडीत मारतात, फोन तपासतात. त्यावर धागा कधी?

खडूफळा
पोरींचंही तेच, 'माझा आहे'. धागा त्यावरही आहेच. पण १९९० ला उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून मुलीला जाळलं, तेव्हा खुनाचा कायदा नव्हता का? तुमचा धाक त्या वर्गाच्या दारात का अडला नाही?

सईची_आई
दोघांचंही अर्धंच पटतं. पोलिसांत जाणार कोण? पोरगी घरी बोलली की पहिलं कॉलेज बंद, दुसरं स्थळ बघणं सुरू. त्यात पोक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यामुळे, १८ च्या आतलं राजीखुशीचं नातंही गुन्ह्यात बसतं, म्हणून तक्रार करायचीही भीती. त्या मुलाला हे सगळं पाठ असतं. "तुझ्या पप्पांना सांगू का?" एवढ्यावर तिचा पासवर्डही मिळतो त्याला.
आणि शिकतात कुठे, विचारता? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य ठरवलंय. बायका एक टक्का जास्तच! आपल्याच ओट्यापाशी बसून ऐकतात पोरं.

बाराबंदी
४५ टक्के बायका तसं म्हणतात म्हणून ४५ टक्के घरांत पोरं मारकुटी निघतात का? विचार आणि हात यांत अंतर असतं. ते अंतर धाकच राखतो.

खडूफळा
अंतर असतं, मान्य. माझ्या वर्गातही मनात तेच असून हात न उचलणारे पुष्कळ आहेत. पण ते उचलणाऱ्याला अडवतही नाहीत. "त्यांचं आपसातलं आहे" म्हणून बाजूला होतात. त्याला त्यांच्याकडून तेवढंच हवं असतं.

बी_कॉम_अर्धवट
मी वाचतच होतो फक्त. आमच्या ग्रुपमधल्या एकाने बारावीत हेच केलं. आम्ही गाडीवर बसून बघत होतो. तिने त्याला सोडून दोन वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये अजून 'वहिनी' म्हणूनच सेव्ह आहे. आत्ता बदलायला घेतलं, तर आडनाव माहीत नाही.