विषय: सांगलीत होम लोनसाठी भरवशाचं कुणी आहे का?

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा अजून गावभागातच राहतात. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीएवढं होतं. 2021 ला पुन्हा तोच चिखल उपसला. आता बाबा आपणहून म्हणाले, विश्रामबागेकडे फ्लॅट बघ. बघितलाय, भाव ठरत आलाय, कर्ज माझ्या नावावर घ्यायचंय.

इथे इंग्लंडात घर घेताना मॉर्गेज ब्रोकरचं, म्हणजे कर्ज जुळवून देणाऱ्याचं नाव एफसीएच्या (इथल्या वित्तीय नियामकाच्या) रजिस्टरवर तपासलं आणि निर्धास्त झाले. सांगलीत असा माणूस कुठे शोधू? एकाने भावाकडे 'फाइल लावायला' पंधरा हजार मागितलेत.

– लीड्स

––––––

ताई, पंधरा हजार देऊ नका. बाकीचं नंतर.

आपल्याकडे लोनवाला म्हणतात तो बहुतेक वेळा बँकेचा डीएसए, म्हणजे बँकेला गिऱ्हाईक आणून देणारा एजंट असतो. कर्ज वाटप झालं की त्याचं कमिशन बँकच देते. प्रोसेसिंग फी असते, पण ती थेट बँकेत भरायची. मी मिरजेच्या फ्लॅटसाठी एकाला आठ हजार मोजले होते. दिवाळीनंतर गडी फोनच उचलेना! आणि तो चार बँका तोलून सांगेल, या भ्रमात राहू नका. ज्या बँकेचा कोड त्याच्याकडे, तीच त्याच्या लेखी चांगली.

खरी गाठ वकील आणि व्हॅल्युअरशी (घराची किंमत ठरवणाऱ्याशी). भावाला बँकेच्या शाखेत पाठवून त्यांच्या पॅनलवरच्या वकिलाचं नाव घ्या. तो 30 वर्षांचा सर्च काढेल, म्हणजे मालकीचे जुने व्यवहार तपासेल. प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), एनए (बिगरशेती परवानगी) आणि भोगवटा प्रमाणपत्र हाताशी ठेवा. बिल्डर 'भोगवटा येतोय' म्हणाला तर तो आल्यावरच पुढे जा. तुमच्या बाबतीत आणखी एक: महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघायला सांगा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. विश्रामबाग म्हटलं की सगळंच उंचावर, असं नाही.

हप्ता एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातून जाईल. सहकारी बँकेत ही सोय आहे का, ते आधी विचारा. व्याज फ्लोटिंगच घ्या, मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही.

– लेस्टर (मूळ मिरज)

––––––

अगं, सह्या कोण करणार? भाऊच ना? मग कुलमुखत्यारपत्र लागेल. मसुदा आधी बँकेकडून मागव, आपल्या मनाने टाईप करू नकोस. आमच्या ह्यांनी नोटरी, अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून लागणारा सरकारी शिक्का) सगळं हौसेने केलं आणि बँक म्हणाली, यात कर्जाचा उल्लेखच नाही. पुन्हा पहिल्यापासून! कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हेही भावाला सांग. माझ्या पुतण्याचा कागद दोन महिने कपाटातच पडून होता.

– स्लावची काकू

––––––

काकू, दादा, खूप आभार. पंधरा हजारवाल्याला भावाने नमस्कार सांगितला. शाखेत गेला तर साहेबांचा पहिला प्रश्न, 'कितवा मजला?' तिसरा म्हटल्यावर ते हसले. मसुदा उद्या मेल करतो म्हणालेत.

बाबांचं आता वेगळंच सुरू आहे. लाइट गेली की लिफ्ट बंद, मग तिसऱ्या मजल्यावर गुडघे घेऊन चढायचं कसं? पहिल्या मजल्यावरचा एक आहे, पण त्याचा भाव जास्त सांगतायत.

– लीड्स