उलट्या मनाच्या नसतात हो

"पहिलटकरणीच्या उलट्या निम्म्या मनाच्या असतात, कामात राहिलं की थांबतात" हे कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या वहिनीला पाचवा महिना लागेपर्यंत कुकरची शिट्टी झाली की मोरीकडे पळावं लागायचं. दोनदा सलाईन लावलं. घरात मात्र "आम्हाला नाही बाई असं झालं" चालूच.

डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेलं संशोधन बघा. जीडीएफ१५ नावाचं हार्मोन मेंदूच्या मागच्या भागात जाऊन मळमळ सुरू करतं, आणि गरोदरपणात रक्तातलं बहुतेक जीडीएफ१५ गर्भ आणि वारेकडून येतं. गरोदर राहण्याआधी जिच्या रक्तात ते कमी, तिला अचानक आलेली ही लाट जास्त झोंबते. काहींमध्ये हा कमीपणा जनुकातूनच आलेला असतो. याचा उलटा पुरावा मला फार आवडला: बीटा थॅलेसेमिया (रक्ताचा एक आनुवंशिक आजार) असलेल्या बायकांत ते एरवीच भरपूर असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारशी होत नाही. शरीर सरावलेलं असतं!

या कामातल्या एक संशोधक मार्लेना फेजो यांना स्वतःला १९९९ मध्ये हा त्रास इतका झाला की गर्भ गेला. त्यांच्या डॉक्टरांनाही ते नाटकच वाटलं होतं.

आधीपासून थोडं जीडीएफ१५ वाढवून शरीराला सवय लावता येईल का, हे आता तपासलं जातंय. उंदरांत जमलंय. तोवर लघवी कमी झाली, घोटभर पाणीही टिकेना, तर आलं-लिंबू चघळत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.