मदत हवी आहे: अस्वलाच्या तळ्याचा पंप हवा धरायलाय

फिटर_जालना
नमस्कार मंडळी. नवीन प्राणिसंग्रहालयाचं काम करायलो. अस्वलाच्या तळ्याला फिल्टरचा पंप बसवला. चालू केला की चार-पाच मिनिटं पाणी जोरात येतं, मग प्रेशर पडतं आणि गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात. झाकणाचा रबर बदलला, फरक नाही. पाहणी तोंडावर आलीय. लवकर सांगा.

नाना_परळी
पंप किती एचपीचा? सक्शन, म्हणजे पाणी ओढणारी लाईन, किती इंची, किती लांब? पंप पाण्याच्या वर आहे की खाली? काहीच न सांगता काय सांगणार?

फिटर_जालना
तीन एचपी, थ्री फेज, सेल्फ प्रायमिंग (लाईनमधली हवा काढून स्वतःच पाणी ओढणारा). सक्शन अडीच इंची. वीज जोडणी बाकी आहे, म्हणून जनरेटरवर चालवायलो.

वायरमन_बीड
जनरेटर म्हणालात तिथंच दुखणं आहे. मोटर उलटी फिरत असणार. दोन फेज अदलाबदल करा, पंपावरच्या बाणाप्रमाणे फिरते का बघा.

नाना_परळी
उलटी फिरली तर पहिल्यापासूनच प्रेशर कमी मिळेल. पाच मिनिटं चांगलं चालून पडतंय म्हणजे हवाच. बाण जरूर तपासा, पण मूळ प्रश्न सोडू नका. लांबी आणि उंची अजून सांगितली नाही.

बोअरवाला_लातूर
कशाला डोकं खपवता? तळ्यातच सबमर्सिबल सोडा. सक्शनची कटकट संपली. आमच्याकडे सगळ्या विहिरींत तेच चालतं.

रात्रपाळी
मी प्राणिसंग्रहालयात काळजीवाहक आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. अस्वलाच्या तळ्यात मोटर किंवा केबल सोडू नका. हे जनावर कडक वारूळ नखांनी फोडून वाळवी ओढून खातं. केबल त्याला किती वेळ पुरणार? पाण्यात करंट उतरला तर जनावर गेलं. सक्शनच्या तोंडावरची जाळीसुद्धा बोल्टनं आवळा, नखं अडकतील अशी फट ठेवू नका.

बोअरवाला_लातूर
तीस मिलीअँपचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावला की झालं ना.

रात्रपाळी
ईएलसीबी लावायचाच. पण तो लावला म्हणून वायर जनावराच्या तोंडाशी सोडायची का?

माऊली_परभणी
विषय निघाला म्हणून सांगते, रात्रीच्या कोठडीत फॉगर (गारव्यासाठी बारीक फवारा) लावणार असाल तर बोअरच्या पाण्यावर लावू नका. क्षारानं नोझल पांढरे पडून बंद होतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की मग धावपळ होते.

जुना_लातूरकर
पाणी आहे म्हणून हे सगळं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या लातूरला. तळ्यातलं पाणी फिल्टर करून परत वापरताय, हेच बरोबर. दर आठवड्याला तळं उपसून भरणं मराठवाड्याला परवडायचं नाही.

फिटर_जालना
राव, पंपाचं सांगा. पंपघर टेकाडावर आहे. पंप पाण्यापासून अंदाजे अडीच मीटर वर. लाईन चौदा मीटर, कुंपणाच्या भिंतीवरून चढून पलीकडे पंपाकडे उतरते.

नाना_परळी
हे आधी सांगायला पाहिजे होतं! भिंतीवर लाईनची कमान झालीय. सक्शनमध्ये दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा सुटते, शिवाय जॉइंट थोडा जरी ढिला असला तर बाहेरचीही आत ओढली जाते. ती सगळी कमानीच्या माथ्यावर साठते आणि गोळा मोठा झाला की पंप पाणी सोडतो. लाईन तळ्यापासून पंपापर्यंत सलग चढती पाहिजे, मध्ये कुठं उंचवटा नको. आधी माथ्यावरचे युनियन (पाइपचे खोलता येणारे सांधे) आणि थ्रेड बघा. पंप चालू असताना त्यावर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला तर गळती तिथंच.

फिटर_जालना
लावला. माथ्यावरच्या युनियनला फेस आत गेला. ओ-रिंग बदलली. आता जास्त वेळ चालतो, पण शेवटी प्रेशर पडतंच. बाणसुद्धा बरोबर आहे.

नाना_परळी
मग कमानच काढावी लागेल. भिंतीच्या बाहेर खड्डा घ्या, त्याचा तळ पाण्याच्या पातळीखाली. भिंतीतून पाइप काढून पंप खड्ड्यात ठेवा. पाणी स्वतःच पंपात उतरेल. खड्ड्यातून पाणी बाहेर काढायची सोय मात्र करा, नाहीतर पावसाळ्यात मोटर बुडेल.

बोअरवाला_लातूर
त्या खड्ड्यात सबमर्सिबल चालेल की.

रात्रपाळी
कुंपणाबाहेर असेल तर माझी हरकत नाही. झाकणाला कुलूप हवं.

फिटर_जालना
ठेकेदाराला भिंतीला भोक पाडायचं सांगितलं, तो तयार होईना. आरसीसी आहे, गळेल म्हणतो. भोकाभोवतीचा सांधा कशानं बंद करू?

नाना_परळी
कोअर कटरनं गोल भोक पाडा, छिन्नी-हातोडा लावू नका. लोखंड कुठं आहे ते आधी बघून घ्या. पाइपभोवती न आकसणारं ग्राउट (फट भरायचं सिमेंटचं मिश्रण) दाबून भरा, वर दोन्ही बाजूंनी वॉटरप्रूफिंग करा. तळं पूर्ण भरून काही दिवस ओल येते का बघा, मगच अस्वलं आणायचं बोला. त्यांच्या हस्तांतरणाला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी परवानगी लागतेच, तोवर काम होईल. ग्राउटचा प्रश्न आला तर इथंच विचारा.