[मंडळ-चर्चा] तातडीचं: ऑनलाइन पेडे लोनला कायदा कुठल्या राज्याचा?

प्रेषक: स्मिता
सोमवार, रात्री १०:४०

मंडळी,
नाव विचारू नका, आपल्यातलाच मुलगा आहे. राहतो न्यू जर्सीत, चेरी हिलला. मे महिन्यात गाडीचं ट्रान्समिशन गेलं तेव्हा याने फोनवरून ५०० डॉलरचं पेडे लोन, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतचं महागडं कर्ज, घेतलं. तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी पगार पडला की पहाटेच खात्यातून १५० डॉलर जातात. चार वेळा गेले. म्हणजे ६०० भरून झाले, आणि त्यांच्या साइटवर अजून ‘बाकी ५०० डॉलर’ दिसतंय. ते १५० म्हणे नुसती रिन्यूअल फी, मुद्दलाला हात लागलेलाच नाही.

आता पेच असा. करारात लिहिलंय की कंपनी एका नेटिव्ह अमेरिकन ट्राइबची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीची, आहे, तिला ट्राइबचाच कायदा लागू, कुठल्याही राज्याचा नाही. वर या बाळाने क्लिक केलं ते ऑफिसात, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, जेवणाच्या सुट्टीत. मग जर्सी, डेलावेअर की ट्राइब? या शुक्रवारी पाचवा हप्ता आहे. मुलगा रात्री झोपत नाहीये.

---

प्रेषक: नंदूकाका
सोमवार, रात्री ११:०५

कोण, साउंडवाला का? मला वाटलंच होतं, हल्ली गप्प गप्प असतो.
पण स्मिता, सही केली म्हटल्यावर भरायला नको का? मी १९८४ साली आलो तेव्हा खिशात काही नव्हतं, तरी कुणाकडे हात पसरला नाही.

---

प्रेषक: मॉडरेटर
सोमवार, रात्री ११:१२

काका, नावाचे अंदाज लिस्टवर नकोत. आणि ही लिस्ट कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे, हे व्हॅनच्या वेळीच ठरलं होतं.

---

प्रेषक: स्मिता
सोमवार, रात्री ११:२०

व्हॅनच्या वेळी ‘विकणे-घेणे नको’ एवढंच ठरलं होतं. मेल शोधून पाठवू का?

---

प्रेषक: प्रसाद
सोमवार, रात्री ११:५८

मी वकील नाही, पण अकरा वर्षं बँकेत कंप्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघायचं काम, करतोय, म्हणून बोलतो.

काका, जर्सीत व्यक्तीला दिलेल्या कर्जावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं हा फौजदारी गुन्हा आहे. याच्याकडून ५०० वर १५० घेतायत, म्हणजे दोन आठवड्यांना ३० टक्के. वर्षाचे ७८०. आता सांगा, सहीचं कौतुक कुणाला?

ट्राइबचं कलम सगळे असेच कर्जदाते घालतात. फिलाडेल्फियाचं थर्ड सर्किट, म्हणजे फेडरल अपील कोर्ट, जे जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर तिन्हींवर बसतं, त्यांच्यापुढे २०१८ साली जर्सीच्याच एका कर्जदाराचं प्रकरण आलं होतं. करारात ‘तंटा ट्राइबच्या लवादापुढेच’ असं होतं, आणि तसा लवाद अस्तित्वातच नव्हता! कोर्टाने ते कलम उडवलं. २०२० साली त्याच कोर्टाने आणखी एका ट्राइबच्या कंपनीचं लवादाचं कलम फेटाळलं, कारण त्यात कर्जदाराचे फेडरल कायद्याचे हक्कच काढून घेतले होते. कॅन्सासच्या स्कॉट टकरचं तर माहीतच असेल, तोच रेसगाड्या चालवणारा. ट्राइबचं नाव भाड्याने घेऊन हाच धंदा करायचा. २०१८ साली १६ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली.

मात्र खरोखर ट्राइबची कंपनी असेल तर तिच्यावर दावा लावून गेलेले पैसे परत मिळवणं अवघड. ट्राइबना दाव्यापासून संरक्षण असतं. कायदा जर्सीचा लागला म्हणजे चेक घरी आला असं नाही.

---

प्रेषक: मेधा
मंगळवार, सकाळी ६:३०

प्रसाद, विल्मिंग्टनचं काय ते सांगितलंच नाहीस. डेलावेअरमध्ये पेडे लोन चालतं आणि व्याजाला वरची मर्यादाच नाही. तो बसला होता तिथे. कंपनीने उद्या तेच पुढे केलं तर?
माझ्या मावसभावाने इंडियानातून गाडी चालवत इलिनॉयला जाऊन असंच कर्ज काढलं होतं, तेव्हा इंडियानाचे कायदे चालत नाहीत म्हणून सांगितलं होतं त्याला.

---

प्रेषक: नंदूकाका
मंगळवार, सकाळी ७:०२

डेलावेअरचं मेधा बरोबर बोलतेय. आम्ही क्रिस्टियाना मॉलमधून फोन आणतो तेव्हा सेल्स टॅक्स लागतो का? नाही ना! जिथे व्यवहार तिथला कायदा.

---

प्रेषक: प्रसाद
मंगळवार, सकाळी ७:४५

काका, तो फोन घरी जर्सीत आणला की जर्सीचा यूज टॅक्स, म्हणजे बाहेरून सेल्स टॅक्स न भरता आणलेल्या वस्तूवरचा कर, लागतो. रिटर्नमध्ये त्याची ओळ असते. तुम्ही ती कशी भरता ते विचारत नाही.

मेधा, तुझ्या भावासारखंच प्रकरण २०१० साली शिकागोच्या सेव्हन्थ सर्किटपुढे होतं. कर्जदार स्वतः इलिनॉयच्या दुकानात गेला, सही तिथे, चेक तिथे, म्हणून इंडियानाचा कायदा चालला नाही. इथे दुकान कुठाय? त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेरची कंपनी इंटरनेटवरून पेनसिल्व्हेनियातल्या माणसाला कर्ज देत असेल तर तिला तिथलं लायसन्स हवं. कॅन्साससाठी २००८ साली टेन्थ सर्किटनेही तेच म्हटलं होतं. तिथे कंपनी यूटाची होती.

याचा पत्ता जर्सीचा, खातं चेरी हिलच्या शाखेतलं, पैसे पडले तिथे आणि कापले जातात तेही तिथूनच. जेवणाच्या सुट्टीत फोन कुठल्या टेबलावर होता यावर कंपनी वाद घालेल, घालू दे. आणि डेलावेअरमध्ये कर्ज द्यायलाही डेलावेअरचं लायसन्स लागतं. आधी तेवढं दाखवा म्हणावं.

---

प्रेषक: अॅडव्होकेट शिरीष
मंगळवार, सकाळी ८:१०

मी इमिग्रेशन बघतो, हा माझा प्रांत नाही. कालपासून सात जणांनी वेगळा मेल केला म्हणून एवढंच. फोनवर ‘पोलीस पाठवू, व्हिसा जाईल’ म्हणत असतील तर घाबरू नये. कर्ज थकलं म्हणून इथे अटक होत नाही, आणि कोर्टाच्या निकालाशिवाय पगारातून परस्पर कापता येत नाही. कॉलची तारीख, वेळ, वाक्य लिहून ठेवावं. पुढचं ग्राहक-कर्जाच्या वकिलाला विचारा, लिस्टला नको.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ८:३१

मदत निधीतून ५०० देऊन विषय मिटवावा असं दोघांनी मला सुचवलंय. निधीचा निर्णय कार्यकारिणीत होतो, रिप्लाय-ऑलमध्ये नाही. शिवाय त्या कंपनीला मंडळाचा चेक? मी सही करणार नाही.

---

प्रेषक: प्रसाद
मंगळवार, सकाळी ८:४०

पैसे द्यायचेच कशाला? जर्सीत बेकायदा व्याजाच्या कर्जावर सावकाराला वसूल होतं ते मुद्दल, व्याज नाही, आणि आधी घेतलेलं व्याज त्यातून वजा होतं. ६०० गेलेत, मुद्दल ५००.

स्मिताताई, आता वादाचं सोड. ठरलेल्या तारखेच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला कळवलं तर ऑटोमॅटिक वजावट थांबवावीच लागते, हा फेडरल नियम आहे. शुक्रवारचा हप्ता म्हणजे आज. उद्या नाही, आज! तोंडी सांगितलं तरी मागोमाग लेखी द्या. आणि कंपनीला एका ओळीचा मेल: खात्यातून पैसे काढायची परवानगी मी मागे घेत आहे.

---

प्रेषक: स्मिता
मंगळवार, दुपारी ३:१५

जाऊन आलो. काउंटरवरच्या मुलीला स्टॉप पेमेंट म्हणजे चेकचंच माहीत होतं. म्हणाली, खातं बंद करा. मी प्रसादचा मेल फोनवरच इंग्रजी करून वाचून दाखवला, मग आतून मॅनेजर आली. अर्ध्या तासात फॉर्म झाला, ३५ डॉलर फी घेतली. कागदावर शिक्का नव्हता, मी मागून घेतला. जर्सीच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याकडे तक्रार आज रात्री टाकतोय. करार, चारही वजावटींचे स्क्रीनशॉट लावलेत. फॉर्ममध्ये ‘कर्जदात्याचा पत्ता’ असा रकाना आहे आणि करारात नुसता पोस्ट बॉक्स. तोच लिहू का?

---

प्रेषक: प्रसाद
मंगळवार, दुपारी ३:२२

तोच लिहा. वेबसाइटचा पत्ताही.

---

प्रेषक: नंदूकाका
मंगळवार, दुपारी ४:४०

यूज टॅक्स मागच्या वर्षीच्याही फोनचा भरावा लागेल का? प्रसाद, घरी फोन कर.

---

प्रेषक: मॉडरेटर
मंगळवार, दुपारी ४:४५

धागा बंद करतोय. शनिवारी ढोल दहालाच आहेत. साउंड कोण बघणार ते अजून कळलेलं नाही.